बत्तीस बोअर

कोल्हापूरच्या माणसाला एखादी निवड करायला सांगितली की प्रकरण हमखास भांडणावर येते. मिसळ कुठली, तालीम कुठली, फुटबॉलची टीम कुठली, ताटात आधी तांबडा की पांढरा, ह्या प्रश्नांवरून आमच्याकडे सख्खे भाऊ महिना महिना बोलत नाहीत. पण ह्या भांडणांना निदान दोन बाजू तरी असतात. आमच्या दाजींनी जी निवड करायला घेतली तिच्यात पर्याय एकच होता, आणि तरीही ती करायला त्यांना पावणेदोन वर्षे लागली.

निवड होती काडतुसाची. आपल्या छोट्या रिव्हॉल्वरमध्ये स्वसंरक्षणासाठी कुठली गोळी भरावी, हा तो प्रश्न. रिव्हॉल्वर बत्तीस बोअरचे होते. दाजींनी ह्या विषयावर जितक्या नातेवाइकांना गाठले त्यांची मी एकदा मोजदाद केली. तो आकडाही बत्तीसच्या आसपास भरला. बोअर ह्या शब्दाचा खरा अर्थ आमच्या घराण्याला तेव्हा कळला.

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. मार्केट यार्डात गुळाची अडत आणि शिवाजी पेठेत वडिलार्जित घर. स्वभावाने इतके गरीब की पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यातसुद्धा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेत पोचत नाही. अशा माणसाला शस्त्र का लागावे? तर २०२२ च्या हंगामात शेतकऱ्यांना वाटायची रोकड घेऊन ते कागलहून रात्री परतत होते. मागे दोन मोटरसायकली लागल्या. दाजींनी गाडी हळू केली, त्यांनीही केली. दाजींनी जोरात घेतली, त्यांनीही घेतली. शहराचे दिवे दिसू लागले तशा त्या निघून गेल्या. झाले काहीच नाही. कदाचित ती बिचारी पोरे त्यांच्या गाडीच्या उजेडाच्या आधाराने येत असतील. पण त्या रात्रीपासून दाजींची झोप उडाली. आता काहीच न झालेल्या गोष्टीची फिर्याद माणूस कुठे देणार? दाजींनी परवान्याचा अर्ज दिला.

परवाना ही काही रेशनकार्डासारखी गोष्ट नाही. (तेही सोपे नाही, पण ते असो.) १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम ह्यांच्यामधून माणूस पार होईपर्यंत त्याचा शत्रू म्हातारा होतो. पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार कुलपात ठेवीन असे लेखी वचन, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण. दाजी सगळ्यातून पार पडले आणि २०२३ च्या मार्चमध्ये ते रिव्हॉल्वर घरी आले.

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हे रिव्हॉल्वर काढले. वजन अर्धा किलो, सहा गोळ्यांचे, पर्समध्ये मावणारे. तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आतबाहेर. येते तेही दागिन्याच्या डबीसारख्या मरून रंगाच्या पेटीत. दाजींनी पेटी उघडून दाखवली तेव्हा अक्काचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"बायकांसाठी काढलंय म्हणतासा, मग मला द्या की," ती म्हणाली.

"लायसन माझ्या नावावर हाय."

"दागिन्याची पेटी तेवढी द्या मग."

पेटी तिने ठेवून घेतली. आता तिच्यात नथ असते. घरातली सगळ्यांत सुरक्षित वस्तू तीच.

हत्यार आले, आता काडतूस. दाजी दुकानात गेले. परवानाधारक किती काडतुसे बाळगू शकतो तो आकडा परवान्यावर लिहिलेला असतो आणि दुकानदार प्रत्येक विक्रीची नोंद करतो, त्यामुळे ही खरेदी भाजीसारखी निवडून होत नाही. तरी दाजींनी गूळ पाहतात तशी बोटांच्या चिमटीत एक गोळी धरली, उजेडात फिरवली आणि विचारले, "ह्यात चांगला माल कुठला?"

"बत्तीसमध्ये माझ्याकडे हे एकच," दुकानदार म्हणाला.

"त्या पेटीत?"

"तेच."

"आणि वरच्या फळीवर?"

"ती माझी पाण्याची बाटली."

ज्या माणसाने जन्मभर गुळाच्या एकाच वाफ्यात चार प्रती काढल्या, त्याला हे उत्तर कसे पटावे? तिथून संशोधन सुरू झाले.

त्या एकुलत्या एक काडतुसाची कुंडली मोठी घरंदाज निघाली. बत्तीसचे हे लांब काडतूस अमेरिकेत १८९६ साली जन्माला आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पोलिसांना बत्तीस बोअरची रिव्हॉल्वरे देण्यात आली, आणि देणारे पोलिस आयुक्त होते थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. नंतर तिकडचे पोलिस मोठ्या बोअरकडे गेले. आपल्याकडे ९ मिलिमीटरसारखे लष्कर-पोलिसांचे बोअर सामान्य माणसाला निषिद्ध, म्हणून बत्तीस हेच मध्यमवर्गाचे बोअर होऊन बसले. पितळेची पुंगळी आणि तिच्या तोंडाशी गोल डोक्याची शिशाची गोळी. ह्या गोळीचे ठरलेले वजन ९८ ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडे जास्त. "अर्धा तोळा शिसं," दाजी हळहळले, "आणि जीव केवढ्याचा!"

इतक्यात त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने त्यांना परदेशातली चित्रफीत दाखवली. तिच्यात डोक्याला खळगा पाडलेली गोळी होती. ही गोळी अंगात शिरली की फुलासारखी उमलते, आतच थांबते आणि मागच्या माणसाला लागत नाही, म्हणून तिकडचे बरेच पोलिस ती वापरतात. तिची थोरली बहीण आपल्याच देशातली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात इंग्रजांनी उमलणारी गोळी तयार केली, आणि १८९९ साली हेगला राष्ट्रे जमली तेव्हा असल्या गोळ्या लढाईत वापरायच्या नाहीत असे ठरले. गावाचे नाव मात्र गोळीला कायमचे चिकटले. कोल्हापूरचे नाव चपलेला चिकटले, ह्याबद्दल मी त्या दिवशी अंबाबाईचे आभार मानले.

दाजींना आता उमलणारी गोळी पाहिजे होती. पण पुतण्याने पुढची चित्रफीत दाखवली तिच्यात निराळेच निघाले. गोळी उमलायला वेग लागतो, आणि वेग यायला नळी लांब लागते. छोट्या रिव्हॉल्वरची नळी आखूड. मग वेग कमी पडतो, वाटेत कपड्याचा बोळा त्या खळग्यात बसतो, आणि उमलणारी गोळी साध्या गोळीसारखीच निमूटपणे पुढे जाते. हे ते लोक जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळ्या मारून बघतात. १९८६ साली मायामीत पोलिसांची एक चकमक फार महागात गेली, तेव्हापासून अमेरिकेच्या एफबीआयने मापच ठरवले आहे: गोळी ठोकळ्यात १२ ते १८ इंच गेली पाहिजे. कमी गेली तर उपयोग नाही, जास्त गेली तर मागच्याची धडगत नाही. ठोकळ्यावर कधी जीनचे कापडही लावतात.

"खरवसावर जीनची पँट घालून गोळी मारत्यात?" अक्का दारातून म्हणाली. "अन्नाला काय किंमत हाय का न्हाई त्या लोकांना?"

पण त्या रात्री प्रश्न विचारला तो तिनेच, आणि तोही असा, की संशोधनाची गाडी रुळावरून उतरली.

"अहो, समजा चोर आला. समजा तुम्ही गोळी मारली. लागली तर आरपार जाऊन कुठं जाणार? आणि लागलीच न्हाई तर कुठं जाणार?"

दाजींनी कागद घेतला आणि घराचा नकाशा काढला. मीही तिथेच होतो, त्यामुळे सांगतो. पूर्वेला फळीचे पार्टिशन आणि पलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर. पश्चिमेला आबांची, म्हणजे दाजींच्या वडिलांची, खाट. उत्तरेला दहावीच्या वर्षातली मुलगी, रात्री एकपर्यंत अभ्यास करणारी किंवा तसे सांगणारी. दक्षिणेला देवघर, आणि त्याच्या मागे तो बोळ जिथे तालमीची पोरे मध्यरात्रीपर्यंत बसलेली असतात. खाली शहाबादी फरशी, तिच्यावरून शिसे उसळी मारणार. उरली एकच दिशा, वर. वर पाण्याची टाकी.

"म्हणजे," मी म्हणालो, "चोराने आधी आढ्याला लटकायला पाहिजे."

दाजी हसले नाहीत. ते नकाशाकडे बघत होते. इतके दिवस ते गोळी कुठली हे विचारत होते. गोळी थांबणार कुठे, हा प्रश्न कुठल्याच पेटीवर छापलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते एका वकिलांना भेटले. वकील म्हणाले की स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडसंहितेत आहे, नवी येईल तिच्यातही असेलच. (पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही तो आहे.) पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही मेख दोन्हीकडे पक्की. "गोळी कुठल्या जातीची होती ते नंतर. मारायची गरज होती का, हे आधी," वकील म्हणाले, आणि फी घेतली.

मग दाजींनी शेवटचा उपाय म्हणून सरावाला जायचे ठरवले. नेमबाजी म्हणजे कोल्हापूरच्या घरचाच विषय. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेतेपद आणले. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण घेतले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवले. ह्या मातीतच नेम आहे, अशी दाजींची समजूत होती. ती पंचवीस फुटांवर दूर झाली. पहिल्या सहा गोळ्यांपैकी कागदाला दोन लागल्या, त्यातली एक शेजारच्याच्या कागदाला.

तिथे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार शिकवत. त्यांनी दाजींचा हात पाहिला आणि सांगितले, "हत्यार हलके, म्हणून धक्का जास्त. नळी आखूड, म्हणून चूक मोठी. चाप जड, म्हणून तुम्ही तो ओढता तेव्हा सगळे हत्यारच ओढता. ह्यात काडतुसाचा काय दोष?"

"तरीपण साहेब, उत्तम काडतूस कुठलं?"

सुभेदार बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जे तुमच्या हत्यारात न अडकता फिरते, ज्याचा धक्का तुम्हाला सोसतो, आणि ज्याने तुम्ही सहापैकी सहा एका बशीत टाकता, ते. नवे ठेवा, कोरडे ठेवा, तेलाचा हात लावू नका. बाकी सगळे पुतण्याला सांगा."

त्यांनीच एक गंमत सांगितली. आपण चोरासाठी जपून ठेवतो त्या बत्तीसला जगभर मान आहे तो निशाणबाजीत. डोके सपाट छाटलेली तिची एक गोळी असते, ती कागदाला पंचिंग मशीनसारखे गोल, स्वच्छ भोक पाडते, गुण मोजायला सोपे. २५ मीटर सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धेत ती फार चालते. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाडमध्ये सुवर्ण मिळवले ती हीच स्पर्धा. परदेशात छोट्या रिव्हॉल्वरसाठीही काही जाणकार असली सपाट गोळीच सुचवतात, कारण धक्का सौम्य आणि वाट सरळ. फक्त घाईत भरायला अवघड, सपाट डोके चकरीच्या भोकात चटकन शिरत नाही. दाजींनी हे वहीत लिहून घेतले. वहीचे हे तिसरे शतक-पान.

२०२४ साल उजाडले आणि निवडणुका आल्या. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे पोलिस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. कुणाची ठेवायची ते छाननी समिती ठरवते. दाजींची दोनदा गेली, मे महिन्यातल्या लोकसभेला आणि नोव्हेंबरातल्या विधानसभेला. मधला पावसाळा काडतुसांनी कपाटात काढला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पापड टिकत नाही. दाजी दर रविवारी गोळ्या मऊ फडक्याने पुसत, हिरवा डाग दिसतो का बघत, मोजत आणि परत ठेवत. एकदा मोजताना एक कमी भरली तेव्हा घरात तीन तास कोणी जेवले नाही. ती वहीत खुणेला ठेवलेली सापडली. रिव्हॉल्वर दाजींचे रक्षण करण्याऐवजी दाजीच रिव्हॉल्वरचे रक्षण करत होते. एक गोष्ट मात्र खरी होती, ते दोनदा जमा होते त्या काळात दाजी गाढ झोपत. हे मला अक्काने सांगितले.

आणि मग डिसेंबरातली ती रात्र आली. हा भाग मी दाजींच्याच शब्दांवर भिस्त ठेवून सांगतो.

रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरात डबा वाजला. दाजी उठले. कपाटाचे कुलूप काढले. हात थरथरत होता तरी आवाज केला नाही. माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. अंधारात फडताळापाशी एक आकृती वाकलेली. दाजींनी हात वर केला. पावणेदोन वर्षांत जे जे शिकले त्यातले एकच नेमके झाले. हात हलला नाही.

"बोट चापावर गेलं हुतं, पाव्हणं," ते मला म्हणाले.

इतक्यात 'टक्' असा आवाज झाला. मग पुन्हा 'टक्'. रव्यातून गुळाचा खडा फोडल्याचा आवाज. दाजींचा जन्म ह्या आवाजात गेला आहे. झोपेतसुद्धा तो त्यांना कळतो. चोर तिजोरी फोडेल, कुलूप फोडेल, गूळ कशाला फोडेल?

दाजींनी हात खाली घेतला आणि दिवा लावला. आबा होते. वय ब्याऐंशी, साखरेचा आजार, डॉक्टरांनी गूळ बंद केलेला. साठ वर्षे गुळाची अडत चालवलेला माणूस आपल्याच घरात खडा चोरत होता. आबांनी मुलाच्या हातातल्या वस्तूकडे पाहिलेसुद्धा नाही. ते घाईघाईने म्हणाले,

"अरं, लाईट बंद कर! सूनबाई उठंल."

दाजींनी लाईट बंद केला. आबा खडा चघळत खाटेवर जाऊन झोपले. दाजी मात्र चकरी उघडून, सहाही काडतुसे पाटावर ओळीने मांडून पहाटेपर्यंत बसून राहिले.

सकाळी सातला ते माझ्या घरी आले. चहा समोर ठेवला, तो गार झाला. मग म्हणाले, "पाव्हणं, एवढी वही लिहिली. पण आत गोळी कुठली हुती, ते त्या टायमाला मला आठवंना. कुठलीबी असती तरी आबाच हुतं की समोर."

ह्यावर मी काय बोलणार? मी चहा पुन्हा गरम करायला सांगितला.

त्यानंतर घरात बरेच बदल झाले. शेतकऱ्यांचे पैसे आता बँकेतून जातात, त्यामुळे रात्रीची रोकड बंद झाली. माजघरात रात्रभर एक छोटा दिवा जळतो. रिव्हॉल्वर कुलपात एका जागी आणि काडतुसे कुलपात दुसऱ्या जागी असतात. दोन किल्ल्यांपैकी एक अक्काच्या कमरेला, म्हणजे कायद्याने नाही तरी व्यवहाराने अर्धे हत्यार तिला मिळालेच. नेम धरण्याआधी समोर कोण आहे ते दिसले पाहिजे, हे तत्त्व दाजींना पटले आहे, आणि त्यासाठी त्यांनी बॅटरी घ्यायचे ठरवले आहे.

आता बॅटरी म्हणजे पर्याय एक नव्हे. तीनशे ल्यूमेन की हजार? झोत अरुंद की पसरट? जवळच्या भिंतीवर उजेड उलटून आपलेच डोळे दिपतात का? सेल बदलायचे की चार्जिंगचे? दाजींनी नवी वही केली आहे. परवा ते माझ्याकडे बसून गेले. अडीच तास.

आबांना मात्र हा बॅटरीचा नाद मुळीच पसंत नाही. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "तू तरी सांग रं त्याला. बंदूक हुती तवा बरं हुतं. निदान अंधार तरी असायचा."